विस्कळीत कोण?

जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीत कविसंमेलन झालं. विशीतल्या एका पोरानं साठेक ओळींची कविता वाचली. घाम पुसत, कागद थरथरत. अध्यक्ष एक प्राध्यापक होते. आपलेच. समारोपात म्हणाले, "कवितेत आग आहे, पण फार विस्कळीत आहे. अनुभवाला काही व्यवस्था द्यायला हवी." पोरगा मान खाली घालून बसला. तेवढ्यात मागून एक कार्यकर्ता ओरडला, "सर, विस्कळीतपणा हाच आमचा विद्रोह हाय!" टाळ्या पडल्या. चहा झाला. माणसं घरी गेली.

मला दोघांचंही पटलं नाही. हा लेख म्हणजे त्या दोन वाक्यांशी भांडण आहे.

आधी शब्दच धरू. 'व्यवस्था' हा शब्द आपण दोन तोंडांनी वापरतो. पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था, बसण्याची व्यवस्था. आणि वर्णव्यवस्था, जातिव्यवस्था. शब्द एकच, आणि अर्थही फार लांबचा नाही: कोण कुठं बसणार हे आधीच ठरलेलं. गावाकडं बघा. इतकी नीट मांडणी दुसरीकडं सापडायची नाही. वेस, चावडी, देऊळ, वाडे, आळ्या. आणि वेशीबाहेर, बऱ्याच गावांत पूर्वेच्या अंगाला, म्हणजे आपल्यावरून गेलेला वारा गावात शिरू नये अशा बेतानं, महारवाडा. एक घर चुकलेलं नाही. पाणवठे वेगळे, मसणवटे वेगळे. मेल्यावर बी माणसाची व्यवस्था लावून ठेवलेली. या मांडणीत सगळ्यात मोठी बेशिस्त कोणती? आपल्या माणसानं आपली जागा सोडणं.

महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावरची व्यवस्था आपल्या बाजूची होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून माणसं मिरवणुकीनं तळ्यावर गेली, पाणी प्याली, शिस्तीत मंडपात परत आली. मग अफवा उठली की हे लोक आता देवळात घुसणार. लाठ्या घेतलेला जमाव मंडपात शिरला. जेवणाऱ्या माणसांना मारलं, अन्न मातीत मिसळलं. पुढं शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

आता सांगा, गोंधळ कुणी घातला? पाणी पिऊन शिस्तीत परतणारा दंगेखोर ठरला. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारा व्यवस्थेचा राखणदार ठरला. तेव्हा विस्कळीतपणा ही काही नुसती वस्तूच्या अंगची गोष्ट नव्हे. बघणाऱ्याची घडी कशावर बसली आहे, त्यावरून त्याला काय विस्कटल्यासारखं वाटतं ते ठरतं. प्राध्यापकसाहेबांनी 'व्यवस्था द्या' म्हणताना हे विसरू नये.

साहित्यातही हेच झालं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर शब्दांनी जगणारा माणूस, पण या कवितांतले कितीतरी शब्द त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते प्रामाणिकपणानं सांगितलं आणि कवीलाच अर्थ विचारले. हा प्रामाणिकपणा सगळ्यांकडं नव्हता. ज्यांना शब्द कळले नाहीत, त्यांतल्या अनेकांनी 'मला कळत नाही' म्हणण्याऐवजी 'याला लिहिता येत नाही' म्हटलं. एक गोष्ट ध्यानात घ्या. ढसाळ टॅक्सी चालवायचे. मागं बसलेल्याला शहर म्हणजे नुसता गलका, गल्लीतून गल्ली. पुढं बसलेल्याला कुठली गल्ली कुठं निघते, कुठं रस्ता बंद आहे, रात्री कुठं भाडं घ्यायचं नाही, सगळं पाठ. शहर एकच, गाडी एकच. गोंधळ फक्त मागच्या सीटवर.

'गोलपिठ्या'तली 'माणसाने' ही कविता घ्या. वरवर बघितलं तर विध्वंसाची यादी आहे. माणसानं काय काय उद्ध्वस्त करावं, काय काय पाप करावं, याचा ढीग. संपतच नाही. सभ्य वाचक पहिल्याच पानावर नाक दाबतो. पण क्रियापदं बघा: करावे, घ्यावे, द्यावे. हा विध्यर्थ आहे. शास्त्र याच क्रियापदात बोलतं. ब्राह्मणानं हे करावं, शूद्रानं ते करू नये, ही मनूची भाषा. ज्या व्याकरणानं आपल्याला वेशीबाहेर बसवलं, तेच व्याकरण कवीनं उचललं आणि त्यातून उलटी स्मृती लिहिली. आणि शेवटाकडं, सगळं मोडून झाल्यावर, तोच विध्यर्थ वळतो आणि सांगतो की आता उरलेल्यांनी कुणाला गुलाम करू नये, उच्चनीच मानू नये, माणसाचंच गाणं गावं. हे वळण पहिल्या ओळीपासून ठरलेलं असल्याशिवाय जमत नाही. ही अव्यवस्था नव्हे. एका व्यवस्थेचे खिळे काढून दुसरीला ठोकणं आहे.

मर्ढेकरांनी सौंदर्याची लयतत्त्वं सांगितली: संवाद, विरोध, समतोल. गंमत अशी की खुद्द मर्ढेकरांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला. म्हणजे घडी मोडल्याचा आरोप काय असतो हे त्यांनी भोगलेलं. त्यांची तत्त्वं मी खोटी म्हणत नाही. 'माणसाने'मध्ये विरोध आहे, आणि शेवटी समतोलही आहे. पण हा समतोल आयता मिळालेला नाही. तराजू ज्याच्या हातात आहे त्याला समतोल फुकट मिळतो. ज्याचं पारडं पिढ्यान्‌पिढ्या वर टांगलेलं, त्याला आधी दांडी मोडावी लागते.

रोजच्या जगण्यातही तसंच. माझं बालपण बी.डी.डी. चाळीत गेलं. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास. आमच्या खोलीत अकरा माणसं. एकदा कॉलेजची एक बाई पाहणीला आली. तिच्या वहीत मी चोरून बघितलं, लिहिलं होतं: 'अस्ताव्यस्त'. मला तेव्हा लाज वाटली. आता हसू येतं. त्या खोलीइतकं काटेकोर वेळापत्रक मी पुढं कुठल्या कचेरीत पाहिलं नाही. आई पहाटे चारला उठून हंडा लावायची. रात्रपाळीचा चुलता सकाळी आला की त्याच जागेवर पडायचा जिथून आम्ही उठलेलो. वळकट्या कुठल्या, ट्रंक कुठं, कुणाचा अभ्यास गॅलरीतल्या दिव्याखाली कितीपर्यंत, सगळं ठरलेलं. वर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, त्यांच्याखाली कुणी पाय करून झोपायचं नाही. एक हंडा इकडचा तिकडं झाला तर मजला पेटायचा. बाईला दिसला तो पसारा. पसाऱ्यामागची मोजणी दिसली नाही, कारण तिला कधी जागा मोजून झोपावं लागलं नव्हतं.

इथवर टाळ्या मिळतील. आता कडू बोलायचं.

सगळा विस्कळीतपणा बाहेरच्याच्या डोळ्यातला, आपल्या आत सगळं ठीकठाक, असं म्हटलं तर ते खोटं होईल. आत खरंच विस्कटतं. बाबुराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहून तेच दाखवलं. नोकरीसाठी परमुलखात गेलेला माणूस, जात लपवून मिळवलेली खोली, प्रेमानं वागणारी माणसं, आणि त्या प्रेमातच दडलेली भीती: कळलं तर? शेवटी कळतं आणि मार बसतो. पण मार हा शेवट. खरी मोडतोड त्याआधी, रोज, हसत बोलताना चाललेली. एका डोक्यात दोन व्यवस्था राहतात आणि एकीला दुसरीचा पत्ता लागू द्यायचा नसतो.

माझा एक मित्र होता. परक्या शहरात आडनाव बदलून खोली घेतली. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर, पण फोटोच्या पाठीला निसर्गचित्र चिकटवलेलं. जिन्यात पाऊल वाजलं की फोटो उलटा. दोन वर्षं. मग रात्री उठून तो फोटो चाचपायला लागला, वीस वीस वेळा. आम्ही त्याला डॉक्टरकडं नेलं. झोप विचारली, भूक विचारली, घराण्यात कुणाला होतं का विचारलं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, आणि त्या मधेच सोडू नकोस असं मीच त्याला बजावायचो. पण आडनाव बदलल्याचं कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. रोगाचं अर्धं नाव कागदावर आलंच नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलानं जीव दिला, तेव्हाही चौकशीच्या अहवालात दोष त्याच्या वैयक्तिक निराशेवर गेला. व्यवस्थेनं मोडलेलं मन व्यवस्थेच्या दप्तरात नेहमी त्या माणसाचीच खोड म्हणून नोंदलं जातं.

हे लिहायचं कुणी? आपणच. आणि इथंच मागून ओरडणाऱ्या त्या कार्यकर्त्याशी माझं भांडण आहे. बागुलांची ती गोष्ट पुन्हा वाचा. मन फाटलेलं आहे, पण गोष्ट फाटलेली नाही. काय आधी, काय नंतर, खोली कशी मिळाली, कोण काय बोललं, पायरी पायरीनं सांगितलंय. म्हणून वाचणाऱ्याचं डोकं भणभणतं. तुटलेल्या ओळी लिहिल्या म्हणजे तुटणं लिहिलं असं होत नाही. मोडलेलं हाड डॉक्टरला हात हलवून दाखवता येत नाही. नेमकं कुठं दुखतं तिथं बोट ठेवावं लागतं.

आज आपल्या अंकांकडं येणाऱ्या कविता बघतो. शब्द पानभर फेकलेले. सूर्य, मशाल, रक्त, ज्वालामुखी. आणि शिव्या. ढसाळांच्या कवितेत शिवी आहे म्हणून आपल्याही. पण ढसाळ त्या वस्तीच्या बोलीतून लिहीत होते, आपण ढसाळांच्या पुस्तकातून लिहितो. हा टॅक्सीवाल्याचा नकाशा नव्हे, मागच्या सीटवरून काढलेला फोटो आहे. दुसरं, शिवी नीट ऐका. आईवरून, बहिणीवरून. विद्रोह कुणाविरुद्ध, आणि उघडी कोण पडते? व्यवस्था मोडतो म्हणताना तिचीच एक जुनी वीट आपण तोंडात धरून हिंडतो. आपल्या सभेतल्या बाया त्या ओळीला मान खाली घालतात. ते दिसत नाही आपल्याला, कारण तिथं आपली घडी नीट बसलेली आहे. महाडच्या जमावालाही आपली घडी नीटच वाटत होती.

उर्मिला पवारांनी २००३ साली आपल्या आत्मकथेला नाव दिलं 'आयदान'. कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात. त्यांची आई ती विणायची, आणि आईची वीण व आपलं लिहिणं यांचं नातं त्यांनी स्वतःच सांगितलंय. विणणारीचे हात फाटतात, कपच्या घुसतात, पण सूप सैल विणलं तर दाणा गळतो. दुःख हाताला, वीण सुपाला. ही आपल्या घरातली व्यवस्था आहे. कुणाला खाली बसवणारी नाही, धान्य धरून ठेवणारी. प्राध्यापकसाहेबांना हवी ती व्यवस्था कुठली, हे त्यांनी सांगितलं नाही. पोरांनी ही घ्यावी.

आता त्या पोराची कविता. मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून कागद मागून घेतला. सरांना जी आग दिसली, त्या पन्नास ओळी खरं तर फार व्यवस्थित होत्या. ठरलेल्या जागी ठरलेला शब्द. कुणाच्याही नावावर खपल्या असत्या. मधे कुठंतरी चार ओळी दडवलेल्या होत्या. बाप पहाटे चौकीवर हजेरी लावतो, मुकादमाची बोलणी खातो, दिवसभर रस्ते झाडतो आणि घरी आल्यावर दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीनं लावून ठेवतो. कुणी सांगितलेलं नसताना. बस्स, एवढंच. पुढच्या ओळीत पुन्हा ज्वालामुखी.

मी विचारलं, "हे मधेच का सोडलंस?"

म्हणाला, "दादा, ते घरचंय. त्यात विद्रोह कुठंय?"

मित्रांनो, अख्ख्या शहराचा पसारा जो माणूस रोज आवरतो त्यालाच शहर घाण म्हणतं, आणि तो घरी येऊन आपल्या माणसांच्या चपला जोडीनं लावतो. कुणाची जोडी वर नाही, कुणाची खाली नाही. व्यवस्था म्हणजे काय आणि अव्यवस्था म्हणजे काय, याचं सगळं उत्तर त्या दारात पडलेलं होतं. सरांना ते ऐकू आलं नाही. ओरडणाऱ्याला ऐकू आलं नाही. लिहिणाऱ्यानं ते स्वतःच झाकून ठेवलं.

मी त्याला सांगितलं, उरलेल्या ओळी काढ आणि बापाजवळ जाऊन बस. चपला किती जोड असतात ते मोज. तो गेलाय. पुढच्या अंकासाठी कविता येईल तेव्हा छापू.