खात्रीची साक्ष

स्टीफन फ्लेमिंग यांच्या ‘नो दायसेल्फ’ (२०२१) या ग्रंथाचें मर्म एका भेदांत आहे: जाणणें निराळें आणि आपल्या जाणण्याची पारख निराळी. झटपट निवड करतांना चूक घडली, तर सुमारें एक दशांश सेकंदांत मेंदूच्या पुढील भागीं विद्युत्-लहर उमटते. कोणी दोष दाखविण्यापूर्वींच मेंदूनें तो हेरलेला असतो. हें शास्त्र ग्रंथकारानें सुबोध केलें आहे. परंतु असे बरेचसे प्रयोग पडद्यावरील ठिपके पारखण्याचे असतात, आणि ठिपक्यांचें उत्तर ठरलेलें असतें. मुलाचें शिक्षण वा जन्माचा जोडीदार यांविषयींच्या निवडीचें फळ कित्येक वर्षांनीं कळतें. तेथें ही लहर काय साह्य करणार? म्हणून स्वतःच्याहि खात्रीला सत्याचा पुरावा मानूं नये. एवढा संयम शिकविला, तरी ग्रंथवाचनाचे श्रम सार्थकीं लागतील.