शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा सतराव्या शतकांतील ‘योगसंग्राम’ हिंदु-मुसलमान ऐक्याचा दाखला म्हणूनच वाखाणला जातो, हें मला अपुरें वाटतें. या ग्रंथाचा गाभा मनोनिग्रह होय. सूफी ज्यास ‘नफ्स’ म्हणतात, त्याच्याशीं मांडलेली झुंज येथें योगाच्या परिभाषेंत उतरली आहे. रूपकें फार लांबतात, हें खरें; तथापि गुरुकृपा मानूनहि ग्रंथकार साधकाचे कष्ट माफ करीत नाहीं. रोज्याची शिस्तहि हीच नव्हे काय?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत सैलानीबाबांच्या दर्ग्यावर मनोरुग्णांस घेऊन सर्व धर्मांचे लोक येतात. त्यांची श्रद्धा मी हिणवीत नाहीं; दुखावलेल्या मनास आधार हवाच. परंतु पिंपळगाव राजा येथील वाचकानें दर्ग्याच्या वाटेवर हा ग्रंथहि चाळावा, आणि आजाऱ्यास वैद्याकडेहि न्यावें.