नामरूपापलीकडची काशी

अमूर्त चित्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसांच्या तोंडून दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. ‘यात काय आहे?’ हे पहिले. आणि नव्या चित्रकलेच्या अभिमान्यांकडून त्याला मिळणारे ‘ज्याला जे दिसेल ते’ हे उत्तर, दुसरे. पहिल्यात अज्ञान आहे असे मानून ते हसण्यावारी नेण्यात येते. दुसऱ्यात औदार्य आहे असे समजून त्याचे कौतुक होते. वस्तुतः ‘यात काय आहे?’ असे विचारणाऱ्याची निदान चित्राला स्वतःचे असे काही असावे ही अपेक्षा तरी आहे. दुसरे वाक्य ती अपेक्षाच मोडीत काढते. ज्याला जे दिसेल ते खरे असेल, तर चित्रकाराने केलेली निवड, खरवडून काढलेला थर, दाबून टाकलेला रंग यांना काही अर्थ उरत नाही, आणि भिंतीवरची ओल व चित्र यांत भेद करण्याचेही कारण उरत नाही. चित्रकाराच्या अंतःप्रेरणेविषयी अशीच एक सोयीस्कर समजूत रूढ आहे. ती कोठून येते हे सांगता येत नाही, म्हणून ती कोणत्याही बंधनाला जुमानत नाही, असे मानले जाते. या दोन समजुती परस्परांना आधार देत आल्या आहेत. निर्मिती निर्बंध, म्हणून आस्वादही निर्बंध, असा हा व्यवहार आहे.

या समजुतींची कसोटी घेण्यास काशीसारखे दुसरे स्थळ नाही. १९६० नंतरच्या पाच-सहा वर्षांत दोन भिन्न प्रकृतींचे भारतीय चित्रकार या नगरीला सामोरे गेले. एक राम कुमार, दुसरे प्रभाकर बरवे. एकाच्या चित्रांतून नगरी पाहता पाहता नाहीशी होत गेली, दुसऱ्याच्या चित्रांत ती प्रथमपासूनच नगरी म्हणून आली नाही. आणि तरीही या दोघांच्या कलेचा इतिहास काशीला वगळून लिहिता येत नाही.

राम कुमार (१९२४-२०१८) सिमल्याचे. दिल्लीत अर्थशास्त्राचे पदवीधर झालेले, बँकेची नोकरी सोडून पॅरिसला गेलेले आणि तेथे आंद्रे ल्होत व फेर्नां लेजे यांच्या हाताखाली शिकलेले. हिंदी कथाकार म्हणूनही त्यांचे नाव आहे. निर्मल वर्मा हे त्यांचे धाकटे बंधू. १९५०च्या दशकातील त्यांच्या चित्रांत शहरातली उदास, बेकार, एकमेकांशेजारी उभी असूनही एकटी अशी माणसे आहेत. १९६० मध्ये ते मकबूल फिदा हुसेन यांच्यासमवेत काशीला गेले. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांना क्षेत्राची गर्दी नवी नव्हती, आणि माणसाची आकृती त्यांच्या चित्रांतून पुढेही गेली नाही. राम कुमारांच्या चित्रांतून मात्र माणूस निघून गेला. राहिली ती एकमेकींच्या अंगावर रेललेली घरे, काळपट खिडक्या, पायऱ्यांचे तुटक पट्टे आणि नदीचा करडा, क्वचित निळसर तुकडा. काही वर्षांत घरांच्या रेषाही विरघळल्या आणि गेरूमिश्रित पिवळा, राखी, तपकिरी अशा रंगांचे कललेले पृष्ठभाग तेवढे उरले. जेथे माणसांची दाटी कधी हटत नाही, त्या काठावर येऊन चित्रकाराने माणूसच वगळावा, ही घटना लहरीची म्हणून सोडून देता येणार नाही.

या वगळण्यामागे काय असावे, हे समजण्यासाठी काठाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. पंचगंगा घाटाच्या वर मंगला गौरीचा भाग आहे. पाण्यापासून वर जाणाऱ्या पायऱ्या येथे इतक्या उभ्या आहेत की चढणाऱ्याला समोर केवळ दगड दिसतो. आकाश दिसते ते मान मागे टाकल्यावर. पायऱ्या संपतात आणि गल्ली सुरू होते. तीत आकाशाची एक अरुंद पट्टी राहते. गल्ली कोठे वळणार याचा अंदाज येत नाही, आणि एखाद्या वळणावर दोन भिंतींच्या फटीतून नदीचा प्रकाश अचानक अंगावर येतो. येथे दूर आणि जवळ यांचा नेहमीचा क्रम राहत नाही. जवळची भिंत आणि पलीकडचा वाळवंटी तीर एकाच पातळीवर येऊन ठेपतात. राम कुमारांच्या चित्रांत पृष्ठभाग एकमेकांत घुसतात, पुढचे कोणते व मागचे कोणते याचा निर्णय होत नाही आणि एखादा उजळ तुकडा अनपेक्षित ठिकाणी उघडतो, तो या अनुभवाचाच व्यापार होय. अमुक चित्र मंगला गौरीच्या चढणीचे आणि अमुक मणिकर्णिकेचे, असे सिद्ध करू पाहणे मात्र व्यर्थ आहे. चित्रकाराने स्थळ घेतलेले नाही. स्थळाने डोळ्याला लावलेली सवय घेतली आहे.

याच परिसराविषयी काशीखंडात एक कथा आहे. सूर्याने येथे गभस्तीश्वराची व मंगला गौरीची स्थापना करून उग्र तप केले. त्या तपात त्याचे किरण तेवढे दिसत होते, शरीर दिसत नव्हते. म्हणून शंकराने त्याला मयूखादित्य असे नाव दिले. पुराणकथेचा कलामीमांसेला पुरावा म्हणून उपयोग नाही, हे खरे. तथापि अमूर्ताविषयीचा एक विचार तीत सहज आला आहे. बिंब दिसत नाही म्हणून किरण निराधार ठरत नाहीत. ते कोठून तरी येतात, त्यांना दिशा असते, ऊब असते, आणि नाव द्यायचे तर तेही किरणांवरूनच द्यावे लागते.

पंचगंगेच्या या काठाचे दुसरे टोकाचे चित्रण जेम्स प्रिन्सेप यांचे आहे. टाकसाळीच्या कामानिमित्त १८२०च्या दशकात काशीत राहिलेल्या या इंग्रजाने आलमगिरी मशिदीच्या मिनारांची डागडुजी केली आणि १८३० ते १८३४ या काळात काशीची शिळाछापाची चित्रमाला प्रसिद्ध केली. तीत मिनार आहेत, छत्र्या आहेत, होड्या आहेत, पायऱ्यांवरची माणसे आहेत. ते मिनार आज नाहीत; म्हणून प्रिन्सेपच्या चित्रांचे मोल इतिहासकाराला अधिकच वाटावे. ‘यात काय आहे?’ या प्रश्नाला ही चित्रे मोजून उत्तर देतात. परंतु दाटीचा जो दाब काशीत छातीवर येतो, तो तेथे नाही. तेथील हवा सर्वत्र सारखीच मोकळी आहे. तपशील पूर्ण असूनही प्रत्यय अपुरा राहू शकतो, हे त्यांवरून दिसते. आणि मग तपशील त्यागून प्रत्यय साधण्याची वाट कोणी धरली तर तिला पलायन म्हणणे कठीण होते.

अंतःप्रेरणेचे स्वरूप याच ठिकाणी उघड होते. काठाकाठाने हिंडताना केलेली रेखाटने आणि पुढे चित्रशाळेत रंगविलेली तैलचित्रे यांच्यामध्ये अंतर आहे. ते केवळ दिवसांचे नाही. त्या अवधीत स्मृती पाहिलेल्याची नावे पुसून टाकते आणि वजने तेवढी ठेवते. खिडकी जाते, तिचा काळोख राहतो. पायरी जाते, तिची चढण राहते. माणूस जातो, त्याच्या असण्याने जागेला आलेला थकवा राहतो. चित्रफलकावर सुरी फिरवताना चित्रकार कशाचाही विचार करीत नाही असे दिसले, तरी हात या वजनांना विचारूनच चालतो. एक पट्टा पडला की पुढचा मुक्त राहत नाही. तिसरा दोघांना बांधील होतो. काही ठिकाणी रंगाचा वरचा थर खालच्याला पुरता झाकीत नाही. बदललेले निर्णय पृष्ठभागावरच वाचता येतात. अंतःप्रेरणा ती हीच. नाव हरवलेली, पण भार न हरवलेली स्मृती. ती निर्बंध नसते. तिची बंधने आधी लिहून ठेवलेली नसतात, एवढाच भेद.

मराठी सौंदर्यविचारात या प्रश्नाची एक बाजू बा. सी. मर्ढेकरांनी ठामपणे मांडली आहे. कलाकृतीची सुंदरता संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनी सिद्ध होणाऱ्या लयीत असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अमूर्त चित्राला या विचाराने मोठे बळ मिळते. कारण वस्तू ओळखू येणे हा सौंदर्याचा निकष राहत नाही. तरीही केवळ रंग-रेषांच्या संबंधांवर थांबले, तर राम कुमारांच्या चित्रांतील एक गोष्ट हाती लागत नाही. येथला राखी रंग शेजारच्या पिवळ्याशी विरोध साधतो, हे खरेच. पण तो विझलेलाही आहे. हे विझलेपण रंगाच्या जागी आहे, प्रेक्षकाच्या कल्पनेत नाही. साहित्याच्या संदर्भात मर्ढेकरांनीच वापरलेली ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संज्ञा येथे चित्राकडे वळवावी लागते. दोन रंगांतील नाते इंद्रियगोचर असूनही भावनेने जुळलेले असू शकते. १९५०च्या दशकात जो विषाद चेहऱ्यांवर होता, तो चेहरे गेल्यावर भिंतींत उतरला. आणि चेहऱ्यावर तो एकाचा होता, भिंतीत कोणाचाच न राहिल्याने सर्वांचा झाला. संस्कृत साहित्यशास्त्र ज्याला साधारणीकरण म्हणते, त्याचे इतके उघड उदाहरण चित्रकलेत क्वचितच सापडेल.

प्रेक्षकाच्या बाजूने मात्र एक अडचण शिल्लक राहते. मंगला गौरीपासून जवळच बालाजीचे देऊळ आहे. बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६) तेथे अनेक वर्षे रियाज करीत. सनईच्या आलापीत शब्द नसतो, आणि तरी त्यात काय आहे असे कोणी विचारीत नाही. मग चित्रालाच तो प्रश्न का? ही तुलना नव्या चित्रकलेच्या समर्थनार्थ नेहमी केली जाते. पण ती अर्धीच खरी आहे. रागाला परंपरेने ठरविलेले व्याकरण आहे. वादी-संवादी, वर्ज्य स्वर, वेळ ही श्रोत्याला आधी ठाऊक असतात, निदान कानाला सरावाची असतात. अमूर्त चित्राला असा पूर्वसंकेत नाही. प्रत्येक चित्राला आपले व्याकरण स्वतःच घडवावे लागते आणि पाहणाऱ्याला ते पाहता पाहताच शिकवावे लागते. म्हणूनच या चित्रांना वेळ लागतो. पहिल्या क्षणी प्रेक्षक घर, नाव, कळस शोधतो. ते अर्धवट सापडते व निसटते. शोध थकल्यावर नजर पृष्ठभागांच्या कलाबरोबर खाली उतरू लागते, एका काळ्या कोनाशी अडते, उजळ तुकड्यापाशी विसावते, आणि तिला पुन्हा वर चढावे लागते. हा मार्ग प्रेक्षकाच्या लहरीचा नाही. चित्राने तो आखलेला आहे. दोन रसिकांच्या मनांत या मार्गावर भिन्न आठवणी जाग्या होतील. परंतु अडखळण्याची आणि विसाव्याची जागा बहुधा एकच असेल. आस्वादाचे स्वातंत्र्य आठवणींपुरते आहे, मार्गापुरते नाही.

मराठी रसिकाला येथे आणखी एक सावधगिरी हवी. काशी त्याच्या मनात आधीच रंगवून तयार असते. सोडमुंजीत बटू काशीस निघतो आणि मामा त्याला अडवतो. श्रावणातील मंगळवारी मंगळागौर घरोघर पूजिली जाते. एकनाथी भागवताची सांगता १५७३ मध्ये काशीस झाली, हे त्याला ठाऊक असते. चित्राखाली ‘वाराणसी’ हा शब्द दिसला की मोक्ष, मृत्यू, गंगा हे सर्व अर्थ बोलावल्याविना धावून येतात. मग राखी रंग चितेची राख होतो, निळा पट्टा मुक्ती होतो, आणि चित्र न पाहताच पाहून होते. वासुदेव गायतोंडे यांनी (१९२४-२००१) शीर्षकाचा आधार पुढे जवळजवळ सोडूनच दिला, त्यामागील कठोरता या संदर्भात समजू शकते. राम कुमारांनी तो पुष्कळदा ठेवला. या शीर्षकाला किल्ली न मानता दिशा मानले, तरच ते चित्राला अपाय करीत नाही.

तयार अर्थांचा हा मोह चित्रकारालाही सुटत नाही, हे प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांच्या प्रवासावरून दिसते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडलेले बरवे विणकर सेवा केंद्राच्या नोकरीनिमित्त १९६१ मध्ये काशीस गेले व १९६५ पर्यंत तेथे राहिले. राम कुमारांपुढे काशी जागा म्हणून आली. बरव्यांपुढे ती चिन्हे म्हणून आली. तांत्रिक परंपरेतील त्रिकोण, वर्तुळ, बिंदू यांचा त्यांच्या त्या काळातील चित्रांवर ठसा आहे. या आकारांना हजार वर्षांचा अर्थ चिकटलेला असतो. तो चित्राला एकदम गांभीर्य देतो. परंतु ते गांभीर्य परंपरेचे, चित्रकाराचे नव्हे. बरव्यांचे मोठेपण असे की ते या उसन्या अर्थात मुक्काम करून राहिले नाहीत. पुढील चित्रांत घड्याळ, पान, ढग, फळ, अक्षर अशा साध्या वस्तू आल्या. मोकळ्या अवकाशात त्या एकमेकींपासून नेमक्या अंतरावर ठेवल्या गेल्या, आणि त्या अंतरांतच अर्थ निर्माण होऊ लागला. हातमागावर उभ्या-आडव्या धाग्यांच्या शिस्तीतूनच नक्षी उमटते. त्या शिस्तीच्या सहवासात नोकरीची वर्षे काढलेल्या कलावंताला अंतःप्रेरणा आणि बंधन यांत वैर दिसले नसावे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी पुस्तकाचे ‘कोरा कॅनव्हास’ हे नावच पहिल्या रेषेपूर्वीच्या अवस्थेकडे लक्ष वेधते. कोरेपणा ही चित्राची सुरुवात आहे, त्याचा अभाव नव्हे.

हाच निकष राम कुमारांनाही लावला पाहिजे. १९६०च्या दशकातील चित्रांत नगरीची दाटी आणि चित्राची रचना यांत खरी झटापट आहे. घर व्हावे की केवळ कोन राहावे, हे प्रत्येक पृष्ठभागाला जणू नव्याने ठरवावे लागले आहे. उत्तरकाळातील काही चित्रांत तिरपे, वेगवान फटकारे इतक्या सफाईने येतात की त्यांना विरोध करणारे काही उरत नाही. तेथे हात स्मृतीला विचारीत नाही, आपल्याच सवयीला विचारतो. अशा चित्रांपुढे नजर घसरत जाते, अडखळत नाही. अंतःप्रेरणेचा शत्रू बुद्धी आहे असे म्हणण्याचा प्रघात आहे; तिचा खरा शत्रू कौशल्य होय. मोठ्या चित्रकाराच्या सर्व कृतींना एकाच आदराने नमस्कार करणे हा त्याचा गौरव नाही. ‘ज्याला जे दिसेल ते’ या वाक्याचेच ते प्रतिष्ठित रूप आहे.

तात्पर्य, ‘यात काय आहे?’ हा प्रश्न अमूर्त चित्राला विचारण्यास हरकत नाही. उत्तर वस्तूंच्या नावांत मिळण्याचा आग्रह मात्र सोडावा लागतो. कोणता भार कोठे ठेवला आहे, नजर कोठे अडते, काय वगळले गेले आणि वगळलेले कशात उरले, या रीतीने तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो, आणि चांगले चित्र त्याचे उत्तर देते. राम कुमारांच्या काशीत एकही माणूस नाही. पण चढून दमलेल्या माणसाला दगड जसा दिसतो, तसाच तेथील प्रत्येक दगड दिसतो.