मुक्तस्रोत कार्यप्रणालींमधील लेबल-स्विचिंग : एक चिकित्सा

प्रस्तावना : पॅकेटला आरंभीच २० बिटांचे लेबल जोडावे आणि मधल्या राउटरांनी आयपी पत्त्याऐवजी त्या लेबलावरून मार्ग ठरवावा, ही एमपीएलएस पद्धती २००१ मध्ये आरएफसी ३०३१ द्वारे प्रमाणित झाली. बीएसएनएलच्या राष्ट्रीय इंटरनेट जाळ्यानेही हीच पद्धती स्वीकारली.

विवेचन : लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ती २०१५ मध्ये, आवृत्ती ४.१ पासून आली. ओपनबीएसडीने मात्र लेबल-वाटपाचा 'एलडीपीडी' हा प्रोग्राम २००९ मध्येच दिला होता. म्हणूनच 'लिनक्समध्ये एमपीएलएस आहे' हे विधान अर्धसत्य ठरते. लिनक्सचा कर्नल ठरलेले लेबल बदलून पॅकेट पुढे पाठवितो. तेही लेबल-तक्त्याची मूळची शून्य मर्यादा वाढविल्यावरच. लेबलांचे वाटप एफआरआरसारख्या स्वतंत्र सॉफ्टवेअरकडे सोपविलेले असून त्यातील एलडीपीडी मूळ ओपनबीएसडीचाच आहे.

निष्कर्ष : ही विभागणी जाळे चालविणाऱ्यास गैरसोयीची असली, तरी अध्यापनास उपकारक आहे. एकाच संगणकावर नेमस्पेसद्वारे चार राउटर उभारून लेबल कोठे जोडले, बदलले व काढले जाते, हे दाखविता येते. महागडे राउटर घेऊ न शकणाऱ्या बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांनी हा विषय फळ्यावरील आकृतीपुरता ठेवण्याचे कारण आता उरलेले नाही.