लीळाचरित्राची हरवलेली पोथी

इसवी सन 79 मध्यें व्हेसूव्हियसच्या उद्रेकांत हर्क्युलेनियम येथील एका ग्रंथसंग्रहाचा कोळसा झाला. फिलोडेमस या एपिक्युरसपंथी तत्त्ववेत्त्याचे ग्रंथ त्यांतलेच. त्या गुंडाळ्या न उलगडतां क्ष-किरणांनीं व गणकयंत्रांच्या साह्यानें वाचण्याचा उद्योग चालला आहे. 2023 सालीं एका बंद गुंडाळींतून 'जांभळा' या अर्थाचा ग्रीक शब्द वाचला गेला, तेव्हां जगानें कौतुक केलें. तें योग्यच झालें. पण आमच्या वऱ्हाडांत, रिद्धपुरास लिहिल्या गेलेल्या ग्रंथाचा याहून विलक्षण उद्धार सहाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं होऊन गेला, याची वार्ता नागपुरांतल्या किती सुशिक्षित घरीं असेल याची आम्हांस शंकाच आहे.

म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या आठवणी, ज्यानें पाहिलें ऐकलें त्याच्याच तोंडून, गांवोगांव हिंडून मिळविल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ पुन्हां उभा राहिला तो पाठांतरावर. त्यांतला एक पाठ हिराइसेच्या, म्हणजे एका स्त्रीच्या, नांवानें ओळखला जातो.

येथेंच टीकाकाराची पंचाईत होते. जळक्या गुंडाळीस भोंक पडलें तर तें दिसतें. संपादक तेथें जागा मोकळी सोडतो. स्मरणाला पडलेलें भोंक दिसत नाहीं. स्मरण रितें स्थळ नकळत भरून काढतें, आणि भरलेलें मूळच्याइतकेंच गोड लागतें. मग या ग्रंथावर विश्वास ठेवावा कसा? आमच्या मतें पंथाच्या जुन्या लेखकांनींच त्याची सोय करून ठेविली आहे. लीळा सांगून झाली कीं 'शोधु' म्हणून अधिक माहिती येते. कोणाची आठवण निराळी असली तर ती त्याच्या नांवावर निराळी नोंदलेली असते. हिराइसा एक सांगते, रामेश्वरबास दुसरें. दोघांचें ऐकवून पोथी गप्प बसते. पाश्चात्त्य पाठचिकित्सेचे गोडवे गाणाऱ्या आम्हां पदवीधरांनीं हें एकदां तरी पाहावें.

केसोबासांनीं याच लीळांतून चक्रधरांचीं वचनें वेंचून सूत्रपाठ रचला. तत्त्वज्ञान वेगळें निघालें खरें, पण महदाइसेनें काय विचारलें, तें मागें राहिलें. नुसता सूत्रपाठ वाचणाऱ्यास चक्रधर कठोर वाटतात. लीळांत ते थट्टाहि करतात.

सकळ लिपीची किल्ली राजवाड्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लाविली. पुढें यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनीं हें वाङ्मय उजेडांत आणिलें, आणि 1978 सालीं डॉ. वि. भि. कोलते यांची संहिता निघाली. कोलत्यांचें ऋण मोठें आहे. आमची तक्रार वाचकांविषयीं आहे: लीळा वाचून 'शोधु'वरून ते डोळा पुढें नेतात, आणि वेंचे काढणारे बहुधा ती अडगळच समजतात.

रिद्धपुरास 2024 सालीं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें. तेथें हे निरनिराळे पाठ शेजारी शेजारी छापावे, एकांत एक मिसळूं नयेत. मठामठांतून जुन्या पोथ्या आहेत, त्यांचे कागद ठिसूळ होत चालले आहेत. छायाचित्रें आधीं घ्यावीं, संपादन मागाहून.