देवनागरी टंकांतील स्थूल-सूक्ष्म भेद : ‘रोझा वन’चें परीक्षण

इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेनें सन २०१४ मध्यें ‘रोझा वन’ नांवाचा टंक प्रसिद्ध केला. टिम डोनाल्डसन व ज्योतिष सोनोवाल हे त्याचे कर्ते होत. देवनागरी व रोमन या दोन्ही लिप्या त्यांत असून तो विनामूल्य मिळतो. पोथ्यांच्या छापील आवृत्त्या काढणारांनीं त्याचा उपयोग कोठवर करावा, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतों.

जाड व बारीक रेघांतील तीव्र भेद हा या टंकाचा विशेष. ही रीत मूळची रोमन अक्षरांची. इटलींत बोदोनी व फ्रान्सांत दिदो यांनीं ती अठराव्या शतकाच्या अखेरीस परिणतीस नेली. पुढें इंग्लंडांत जाहिरातींसाठीं तिचें स्थूलकाय रूप निघालें. ‘रोझा वन’ त्याच कुळांतला. आपल्याकडे हा भेद बोरूपासून आला. बोरूचें टोक तिरकें कापलेलें. त्यामुळें रेघ वळते तसतशी तिची जाडी हळूहळू पालटते, आणि रोमन लेखनांत ज्या कलाच्या तिरप्या रेघा पुष्ट पडतात त्याच कलाच्या आपल्याकडे कृश होतात. जुनी पोथी व इंग्रजी सुलेखन शेजारीं ठेवून पाहणारास हें तत्काळ दिसेल.

जावजी दादाजी यांनीं सन १८६९ मध्यें मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या तेथील अक्षरांत बोरूचा धर्म राखलेला आहे. सन १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेचा कोणताही गुच्छक उघडावा; समासांची लांबलचक ओळ असली तरी डोळा अडखळत नाहीं. (चष्म्याचा नंबर वाढला तरी आमचा भरंवसा त्याच पानांवर!)

आमच्या वर्ध्यास या विषयाचा निराळाच इतिहास आहे. राष्ट्रभाषा प्रचार समिती येथें सन १९३६ मध्यें स्थापन झाली, आणि तिच्या पुस्तकांत ‘इ, उ, ए’ यांऐवजीं ‘अि, अु, अे’ अशी स्वराखडी छापीत. खिळ्यांची संख्या व जुळाऱ्याचे श्रम कमी व्हावे हा हेतु स्तुत्य खरा. परंतु त्या काटकसरीचा भार अक्षरांच्या रूपांनीं सोसला. आज संगणकाच्या टंकांत शेंकडों जोडाक्षरें सहज सामावतात. ती सबब उरली नाहीं. म्हणून नव्या टंकाची परीक्षा सौंदर्य व वाचनीयता यांवरच झाली पाहिजे.

मोठ्या आकारांत ‘रोझा वन’ देखणा आहे यांत शंका नाहीं. चार शब्दांचें शीर्षक त्यांत भारदस्त दिसतें. पण तोच लहान आकारांत पाठासाठीं योजिल्यास बारीक रेघा कागदांत विरूं लागतात. पोटांतील रेघ क्षीण झाली कीं ‘ष’चा ‘प’ होतो. ‘घ’ व ‘ध’ यांचीही तीच गत. हेच लेखकप्रमाद काढून टाकण्यासाठीं आपण चार-चार पोथ्या ताडून पाहतों. ते छापील प्रतींत टंकाच्या पायीं पुन्हां शिरावे काय? अर्थात् कर्त्यांनीं तो शीर्षकांसाठींच आंखिला असल्यानें हा दोष योजणाराचा. मुखपृष्ठास व प्रकरणांच्या मथळ्यांस तो खुशाल लावावा. मूळ पाठ, पाठभेद व टीपा यांस निर्णयसागरी वळणाचा, मध्यम भेदाचा टंकच घ्यावा, आणि छपाईपूर्वीं एक पान कागदावर काढून ‘ष’, ‘घ’ व ‘ङ्ग’ हीं अक्षरें भिंगाखालीं पाहून घ्यावीं.