वेठ नाकारली तेथे फौज जन्मली

पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद. आज ही नदी दोन राज्यांची सीमा आहे; १८५३ पर्यंत दोन्ही काठ निजामाचे होते. कंपनी सरकारने निजामाच्या गळ्यात बांधलेल्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी त्या वर्षी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. निजामाचे तख्त राखणाऱ्या फौजेचा खर्च वऱ्हाडातील कष्टकऱ्यांच्या घामातून भागला. म्हणून तेलंगणातील सशस्त्र लढ्याला निव्वळ सरंजामशाहीविरोधी म्हणणे अपुरे आहे. देशमुखाची गढी निजामावर आणि निजाम इंग्रजांवर टेकलेला होता.

या लढ्याचे एक नेते पुच्चलपल्ली सुंदरय्या यांनी १९७२ साली त्याचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. कम्युनिस्टांची गनिमी फौज कशी उभी राहिली, हे समजण्यासाठी तो ग्रंथ टाळता येत नाही. पण या फौजेचा जन्म नेमका कोठे झाला?

११ सप्टेंबर १९४७ रोजी रावी नारायण रेड्डी, बद्दम येल्ला रेड्डी आणि मखदूम मोहिउद्दीन यांनी सशस्त्र लढ्याची हाक दिली. त्याआधी, ४ जुलै १९४६ रोजी, कडवेंडी गावी विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी झाडलेल्या गोळीने दोड्डी कोमरय्या पडला. इतिहास बहुधा या दोन तारखांपाशी थांबतो. सुंदरय्यांचीच पाने मात्र आणखी मागे नेतात. ती पाने वेठीची आहेत. अस्पृश्यांच्या प्रत्येक घरातून एक माणूस वेठीला जायचा. मादिगांनी जोडे आणि शेतीला लागणारे चामडे फुकट पुरवायचे, परिटांनी गढीचे कपडे धुवायचे. पालकुर्तीच्या ऐलम्मा या परीट बाईने देशमुखाला न जुमानता आपल्या शेतातले पीक संघमच्या मदतीने घरी आणले, तेही कोमरय्याच्या हौतात्म्याआधी. बंदुका पुढे आल्या. आधी हातात काठी आणि गोफण होती, आणि त्याहीआधी ओठांवर नकार होता. या नकारातच फौजेचा जन्म आहे.

ही सामग्री ग्रंथात आहे, पण तिचा अर्थ ग्रंथात नाही. वर्णनात मादिगा दिसतो. विश्लेषण सुरू होताच तो 'शेतमजूर' होतो. वेठ त्याच्या वाट्याला गरिबीमुळे आली की जन्मामुळे, हा प्रश्न विचारलाच जात नाही. सुंदरय्यांनी स्वतःच्या नावातील 'रेड्डी' टाकले, हे आदरास पात्र आहे. आडनाव एकट्याला टाकता येते. जन्माला चिकटलेली वेठ टाकण्यासाठी मात्र फौज उभारावी लागते.

याचा परिणाम जमिनीच्या प्रश्नात उघड होतो. ग्रंथ सांगतो की सुमारे ३,००० गावांत १० लाख एकर जमीन वाटली गेली. ही कामगिरी लहान नाही. परंतु जमीनधारणेची मर्यादा आरंभी ५०० एकर होती. पुढे ती २०० वर आणि अखेर कोरडवाहू १०० व ओलिताच्या १० एकरांवर आली. ५०० एकरांची मर्यादा कोणाला सांभाळण्यासाठी होती? हाडकीहाडवळ्याच्या तुकड्यापायी पिढ्यान् पिढ्या राबलेल्या समाजाला याचे उत्तर कोणी शिकवायला नको.

दोष एकाच बाजूचा नाही. हैदराबादेतील काही दलित पुढारी निजामाच्या छत्राखाली गेले, बी. एस. व्यंकटराव तर त्याच्या मंत्रिमंडळात बसले. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी अनुसूचित जातींना निजामाची बाजू न घेण्याचे बजावले होते. त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले होते. तेथेही प्रश्न वेठीचाच होता. हत्यारे वेगळी, मार्ग वेगळे. पण मूळ एक. ते एकपण ना कम्युनिस्टांनी ओळखले, ना आपण पुरेसे मांडले.

२१ ऑक्टोबर १९५१ रोजी लढा मागे घेण्यात आला. सुंदरय्यांच्या हिशेबाने सुमारे ४,००० माणसे त्यात मारली गेली. त्या हुतात्म्यांत वेठीच्या घरांतले किती, याचा हिशेब नव्या अभ्यासकांनी करावा. ग्रंथ नाकारून तो होणार नाही. ग्रंथाची पाने खालून वर वाचावी लागतील. पलीकडचा काठ फार दूर नाही.